तासाला दहा

वडिलांच्या खाटेशी उभ्या केलेल्या प्राणवायूच्या सिलिंडरचा काटा सकाळी सातला एकशेवीसवर होता, तो नऊला शंभरावर उतरला. लेक शाळेत गणित शिकवणारी. वडिलांचीही हयात फळ्यापुढेच गेलेली. तिने पाटी घेऊन लिहिले : दाब = १२० − १० × तास.

वडिलांनी मास्कआडून पाटी न्याहाळली. "चढ ऋण आला. म्हणजे म्हाताऱ्याचा उतारच की," ते धापा टाकत म्हणाले. "आणि गृहीत कुठंय? अर्धा गुण कापला."

"कापा खुशाल. संध्याकाळी सातपर्यंत पुरेल, हे उत्तर तरी बरोबर ना?"

त्यांनी पापण्या मिटून संमती दिली.

धाकटा भाऊ पहाटेपासून गोदामापुढच्या रांगेत होता. भरलेला सिलिंडर आणायला टेम्पो शोधायचा, तर दुसरे माणूस हवे. अकराला ती निघाली. "सातपर्यंत काळजी नाही," तिने आईला बजावले. "मी चारला येतेच."

ती बोलल्याप्रमाणे चारला आली. भाऊ आणि टेम्पोवाला खाली सिलिंडर उतरवत होते, ती पुढे वर आली. सिलिंडरला जोडलेल्या बाटलीतल्या पाण्याचे बुडबुडे थांबले होते. काटा शून्यावर होता. आई वडिलांचे पाय चोळीत बसली होती. त्या पायांत आता ऊब येणार नव्हती.

"तू गेलीस आणि जीव घाबरा झाला त्यांचा," आई म्हणाली. "मी सिलिंडरची चावी फिरवली. दोनावर होती, ती चारावर नेली. किती बरं वाटलं गं त्यांना. हसले माझ्याकडे बघून. तीनच्या सुमारास डोळा लागला, तो... सातपर्यंत पुरणार होतं ना? माझ्या हातून तर काही झालं नाही?"

चावी दोनावरच राहील, मिनिटाला दोनच लिटर प्राणवायू सुटेल, हे गृहीत. बापलेकीच्या ते इतके अंगवळणी पडलेले, की पाटीवर उतरले नाही आणि आईच्या कानीही कोणी घातले नाही. तिला केवळ उत्तर मिळाले होते.

"नाही, आई. माझंच गणित चुकलं."

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "चुकतं माणसाचं. जिवाला लावून घेऊ नकोस."

जिन्यात सिलिंडर पायरीपायरीवर आदळत वर येत होता. भाऊ आत येताच आधी काटा पाहील, मग चावी पाहील. लेक उठली आणि तिने चावी मागे फिरवून पुन्हा दोनावर आणून ठेवली.