ठेंगण्या भिंतीकडची जागा

आमच्या टीमची यंदाची सगळी आखणी माझ्या कंबरेवर उभी होती, आणि माझ्या कंबरेला काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकते.

टीम म्हणजे अरुणोदय स्पोर्ट्स, वरळी. मुंबईच्या लीगमधला दुसरा विभाग. त्याच्या खाली तिसरा, आणि तिसऱ्याच्या खाली नुसतं मैदान. कोच माझा धाकटा भाऊ बुद्धभूषण. वय छप्पन्न, डायबेटिस, आणि ऑफिसच्या सगळ्या रजा फुटबॉलवर उधळलेल्या. मी सुमेधा, त्रेसष्ट वर्षांची, पोस्टात एकतीस वर्षं सॉर्टिंग करून रिटायर झालेली. मी टीमची कोणी नाही. प्रेक्षक आहे. कधीकधी आणखी एखादा प्रेक्षक येतो, पण तो बहुतेक वेळा रस्ता चुकलेला असतो.

पूर्वी आमची सगळी पोरं एकाच चाळीत राहायची. गॅलरीतून हाक मारली की अकराच्या जागी पंधरा खाली उतरायचे. मग चाळ पाडायला घेतली आणि टॉवर उभा राहीपर्यंत जो तो परवडेल तिथे भाड्याने गेला. कुणी कळव्याला, कुणी नालासोपाऱ्याला, आमचा गोलकीपर तर बदलापूरला. आणि मॅच परळच्या मैदानात, आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी अडीचला. रविवारी मैदान वरच्या टीमना लागतं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची? आमचा राजरत्न, गोल करणारा एकुलता एक माणूस, हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे. त्याची ड्युटी दोनला सुटते. बाकीच्यांचे साहेब हाफ डे देताना असं तोंड करतात, जणू त्यांची किडनीच मागितली आहे. त्यामुळे अडीचला आमचे आठच जण मैदानात असायचे. उरलेले पावणेतीनपर्यंत धापा टाकत पोचायचे. नाव आधी यादीत दिलेलं असलं की उशिरा आलेला खेळाडू रेफरीला विचारून आत जाऊ शकतो, एवढीच काय ती नियमाची मेहरबानी.

सीझनची पहिली मॅच आम्ही त्या पंधरा मिनिटांतच हरलो. आठजणांवर तीन गोल चढले. राजरत्न बुटाची नाडी बांधत धावत आला तेव्हा समोरची टीम दमून पाणी पीत होती.

त्या संध्याकाळी भूषण माझ्याकडे जेवायला आला. 

"ताई, तू मॅचला कुठे बसतेस?" त्याने भाकरी मोडता मोडता विचारलं.

"सावली असेल तिथे."

"आता ठेंगण्या भिंतीकडे बसायचं."

त्या मैदानाची एक बाजू गल्लीला लागून आहे. तिथली भिंत जेमतेम कंबरेइतकी. पलीकडे उभ्या टॅक्सी आणि एक गॅरेज. चेंडू तिकडे गेला की कोपऱ्यातल्या फाटकातून वळसा घालून जावं लागतं. दुसरा चेंडू रेफरीच्या टेबलाखाली असतो, पण त्यातली हवा निम्मी गेलेली असते, म्हणून कुणी तो मागत नाही. भूषणचा बेत असा की पहिली पंधरा मिनिटं आठहीजण मागे राहतील, पुढे कुणीच जाणार नाही, आणि पायाला लागलेला प्रत्येक चेंडू भिंतीपलीकडे मारतील. चेंडू आणायला मी जाणार.

"हळू जायचं," तो म्हणाला. "तुझ्यावर कोण ओरडणार? म्हातारी बाई."

"म्हातारा तुझा बाप," मी म्हणाले. तो माझाही बाप होता, म्हणून दोघांनाही हसू आलं.

मी रोज पहाटे सी फेसला तासभर चालते. पण त्या दिवसापासून मैदानात माझी कंबर धरली. चेंडू गेला की आधी खुर्चीचा हात पकडायचा, मग उठायचं, ओढणी सारखी करायची. फाटकापर्यंत चाळीस पावलं, तिथे थांबून एक श्वास. टॅक्सीखाली वाकताना एक हात पाठीवर. भूषणने रुमालाने तोंड पुसलं की आणखी हळू. एका फेरीला अडीच मिनिटं सहज जायची. आमच्या बहुतेक मॅचना एकच रेफरी असायचा, भला माणूस. "मावशी, सावकाश, पडाल," असं म्हणायचा. माझ्या फेऱ्यांची मिनिटं त्याने शेवटी कधी वाढवून दिली नाहीत. म्हातारीच्या गुडघ्यांचा काय हिशेब मांडायचा, असं त्याला वाटत असावं.

बेत लागू पडला. शून्य-शून्य, एक-एक, परत शून्य-शून्य. पण फुटबॉल मलाही थोडा कळतो. मी भूषणला म्हणायचे, "अरे, पंधरा मिनिटं निभावलीस, पुढच्या पंचाहत्तरचं काय?"  अकराजण प्रॅक्टिसला कधी एकत्र आलेच नव्हते, तर गोल करायचा कसा हे शिकणार कधी? बरोबरीला एक गुण मिळतो. मुंगीने साखर न्यावी तसे आम्ही एकेक गुण नेत राहिलो, आणि शेवटच्या मॅचआधी लक्षात आलं की तेवढ्याने भागत नाही. जिंकलो तरच दुसऱ्या विभागात राहणार. बरोबरी झाली तरी खाली.

"खाली गेलो तर बंद करतो," भूषण म्हणाला. "मेघनाला शब्द दिलाय."

मेघना त्याची बायको. तिने असा शब्द घेतला असेल तर मी तिला दोष देणार नाही. मलाही कंटाळा आला होता. ऊन, खुर्ची, तेच शून्य-शून्य. पण मॅच नसली तर चाळीतल्या या पोरांची तोंडं मला दिसणार कुठे? 

शेवटच्या मॅचला मात्र आमचे अकराच्या अकरा सव्वादोनला हजर. बदलापूरचा गोलकीपर तर सकाळीच येऊन मैदानात झोपला होता. आणि समोरच्या काळाचौकीच्या टीमचे सातच! त्यांचे चौघे वाटेत अडकलेले. त्यांना बरोबरीही पुरणार होती.

शिट्टी वाजली आणि त्यांच्या बॅकने पहिलाच चेंडू भिंतीपलीकडे भिरकावला. मी नेहमीच्या सवयीने खुर्चीचा हात धरला, उठले, ओढणी सारखी केली. तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा तर आमचाच बेत! आज उशीर त्यांना हवा होता आणि मी फुकटात त्यांच्यासाठी चालत होते. तरी पहिली फेरी सवयीने तशीच गेली. भूषण मैदानाच्या समोरच्या कडेवरून दोन्ही हात हलवत होता.

बाराव्या मिनिटाला चेंडू पुन्हा पलीकडे गेला. थ्रो आमचा. राजरत्न भिंतीपाशी येऊन माझ्याकडे बघत उभा राहिला.

"ताई, पळ!" भूषण ओरडला.

आणि मी पळाले. फाटकाकडे नाही. भिंतीवर बसले, पाय पलीकडे टाकले, उडी मारली. साडी नेसले असते तर जमलं नसतं. टॅक्सीच्या चाकाशी चेंडू होता, तो उचलून तिथूनच राजरत्नच्या छातीवर फेकला. त्याने लगेच थ्रो टाकला, तो परत त्याच्याकडे आला, आणि त्यांचा गोलकीपर अजून बचावाला ओरडून सांगत होता तोवर चेंडू जाळीत. एक-शून्य. मी गल्लीत उभी राहून लहान पोरीसारखी ओरडले. गॅरेजमधला मेकॅनिकही बाहेर येऊन टाळ्या वाजवायला लागला.

मैदानाकडे वळले तर आमचा नेहमीचा रेफरी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे, एखादा जुना हिशेब जुळल्यासारखा.

सतराव्या मिनिटाला त्यांचे चौघे आले. मग आमची नेहमीचीच गत. सगळे मागे, पायाला लागेल तो चेंडू भिंतीपलीकडे. भूषणने रुमाल काढून तोंड पुसलं. मी खुर्चीचा हात धरून उठले, आणि उठता उठताच मला स्वतःची लाज वाटली. तरी गेले. दुसरं काही येतच नव्हतं, त्यालाही आणि मलाही. वाकताना हात पाठीवर ठेवला. रेफरीने मनगटावरचं घड्याळ वर धरलं आणि मला दिसेल असं त्यावर बोटाने दोनदा ठोकलं. दुसऱ्या हाफमध्ये मी चार फेऱ्या मारल्या. चारही वेळा त्याने घड्याळ ठोकलं.

नव्वद मिनिटं झाली. एक-शून्य. आमची पोरं शिट्टीची वाट बघत आकाशाकडे बघायला लागली.

"नऊ मिनिटं," रेफरी म्हणाला.

अख्ख्या सीझनमध्ये दोनच्या वर कधी दिली नव्हती. आठव्या मिनिटाला कॉर्नरवरून त्यांनी गोल केला. एक-एक. रेफरीचं काही चुकलं नाही. ती मिनिटं माझीच होती, मीच चाळीस-चाळीस पावलांनी जमवलेली.

मॅच संपली. राजरत्नने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मॅचसाठी बदलून घेतलेली रात्रीची ड्युटी आहे म्हणून निघून गेला. भूषण गवतावर बसून जर्सींच्या घड्या करत होता. मी शेजारी बसले.

"माझ्यामुळे गेलो," मी म्हणाले.

"तुझ्यामुळेच इतके दिवस राहिलो होतो." त्याने आणखी एक जर्सी घडी केली. "तिसऱ्या विभागाच्या मॅचेस सकाळी साडेसातला असतात, ताई. ऑफिसच्या आधी. सगळे वेळेवर येतील बघ."

"आणि मेघनाला दिलेला शब्द?"

"सकाळी साडेसातला ती झोपलेली असते."

मला रडू यायचं ते हसू आलं. म्हणजे बंद होणार नव्हतं. मी विचारलं, "मग मी भिंतीकडेच बसू ना?"

त्याने हातातल्या जर्सीवरची माती झटकली.

"नको," तो म्हणाला. "सगळ्यांनी तुला पळताना बघितलंय. रेफरी एकमेकांना सांगतात."

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी कामावरून काढलं नव्हतं. मला खरंच फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी उगाच खुर्ची उघडून पुन्हा मिटली.

"मग बसू कुठे?"

"सावली असेल तिथे," भूषण म्हणाला.