आरसे झाकलेलं सलून

मामाने सलूनमधले आरसे झाकले, आणि आठवड्याभरात आमच्या रस्त्यावर दोन्ही कल्ले सारखे असलेला माणूस औषधालाही मिळेना. पटत नसेल तर राहू द्या. माझा डावा कल्लाही त्यातच गेला, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

आरसे झाकायला कारण झाला लंबू. हा मामाचा सख्खा भाचा. तो मामा म्हणायचा म्हणून आम्ही सगळेच सलूनवाल्याला मामा म्हणायला लागलो. वय सव्वीस, दुसरी खुर्ची त्याची, हात एकदम हलका. पण काही महिन्यांपासून तो केस कापता कापता मध्येच थांबायचा. कात्री हवेत, नजर आरशात. मामाने खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, आरशातला मी जरा उशिरा हलतो, आणि मधल्या वेळात काहीतरी बोलतो.

असं ऐकल्यावर कुणीही पोराला डॉक्टरकडे नेईल. मामाने घरून चादरी आणल्या आणि आरशांवर ठोकल्या. रोगाचं कारण त्याला आधीच ठाऊक होतं ना, मग डॉक्टर कशाला?

ते कारण म्हणजे दाजी, मामाच्या बहिणीचा नवरा आणि लंबूचा बाप. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस. संध्याकाळी मागच्या अंगणात बसून गांजा ओढायचा. गांजाचा डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर असायचा, आणि लंबू शाळेत असल्यापासून त्यातली चिमूट उचलत आला होता. अलीकडे तर रोजच. दाजीला हे दिसत होतं, पण तो डोळेझाक करायचा.

अंगणातली बैठक झाली की दाजी सलूनमध्ये यायचा आणि वाद सुरू व्हायचा. दाजीचं म्हणणं, मी चाळीस वर्षं ओढतोय, एवढी अवाढव्य क्रेन चालवली, एक खोका वाकडा ठेवला नाही. डोकं शांत राहतं, झोप लागते, काही देशांत तर डॉक्टरच लिहून देतात. पोराचं डोकं फिरलं ते दिवसभर तुमची बडबड ऐकून. त्यावर मामा म्हणायचा, वर क्रेनमध्ये एकटाच बसलेला माणूस वेडा झाला तरी खाली कळणार कुणाला? मग बाकावरची गिऱ्हाइकं वाटली जायची, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. एकदा दाढीला आलेल्या माणसाची दाढी वाद मिटेपर्यंत बोटभर वाढली आणि त्याला पैसे जास्त पडले.

लंबू या सगळ्यात खाली मान घालून कात्री चालवत असायचा. त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

आता न्हाव्याचं असं असतं की दोन बाजू सारख्या झाल्या का, हे तो आरशात बघून ठरवतो. मामाची सगळी हयात तशीच गेलेली. चादरी लागल्या आणि त्याचा अंदाजच चुकला. बँकेतला कॅशियर एका बाजूने साहेब आणि एका बाजूने कैदी होऊन बाहेर पडला. लंबूने मात्र मापासाठी आरशावर विसंबणं केव्हाच सोडलं होतं. तो बोटांनी मापून कापायचा, त्यामुळे त्याचं काम सुतासारखं सरळ. लोक त्याच्या खुर्चीपाशी खोळंबायला लागले. मामा म्हणाला, बघा, पोरगा बरा झाला. दाजी म्हणाला, त्याला झालं काय होतं? दोघांचं एकमत व्हायची ती पहिलीच वेळ.

त्याच दुपारी लंबूने एका गिऱ्हाइकाचं डोकं अर्धंच कापून कात्री खाली ठेवली. आवाज आता चादरीतून येतोय, म्हणाला, आणि मागे टॉवेलांच्या ढिगाजवळ भिंतीकडे तोंड करून बसला. हाक मारली तर वळेना.

कुणीतरी ताईला, म्हणजे त्याच्या आईला, बोलावून आणलं. मामा आणि दाजी तेव्हाही एकमेकांकडे बोट दाखवत उभे होते. ती म्हणाली, "तुमचं चालू द्या. मी याला डॉक्टरकडे घेऊन चालले." मग दोघंही मुकाट तिच्या मागे निघाले.

डॉक्टरीणबाई आधी लंबूशी एकट्याशी बराच वेळ बोलल्या. मग सगळ्यांना आत घेऊन विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. मामा ताडकन नाही म्हणाला.

"दादा," ताई म्हणाली, "आपल्या बाबांना."

मामाच्या वडिलांनी जन्मात साधी सिगारेट ओढली नव्हती. पण रेडिओवरचा माणूस आपल्याला नावाने हाक मारतो म्हणून ते घरात रेडिओ लावू देत नसत. मामाने मात्र जगाला सांगितलं होतं, बाबांना ऐकू कमी येतं.

बाई म्हणाल्या, "ओढणाऱ्या प्रत्येकाला हे होत नाही. पण घरात आजार असेल आणि कोवळ्या वयापासून ओढत असेल, तर धोका वाढतो. याला नेमकं कशाने झालं, ते मला सांगता येणार नाही. गांजा बंद आणि गोळ्या चालू, एवढं नक्की."

मामा आणि दाजी, दोघांनीही त्यातून आपापला विजय शोधून पाहिला. सापडला नाही.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर लंबू म्हणाला, "गोळ्या घेईन. बाबा, तो डबा घरात नको. आणि माझ्यावरून भांडू नका. आरशातलाही तेच बोलतो, तुमच्यासारखंच. त्याचं कुठलं आणि तुमचं कुठलं, मला कळत नाही."

काही आठवड्यांनी तो अर्धा दिवस कामावर यायला लागला. आवाज अजून होते, पण दूरचे, म्हणायचा. एक चादर निघाली होती, दुसरी त्याच्या सांगण्यावरून तशीच होती. दाजीने डबा घराबाहेर काढला होता. तो स्वतः कुठे ओढतो, ओढतो की नाही, मला माहीत नाही. चिडचिडा झाला होता एवढं खरं.

सलूनमधल्या बाकाला वाद हवा होता. कॅशियरने मुद्दाम काडी टाकली, काय मामा, शेवटी जिंकलं कोण?

मामाचा वस्तरा कुणाच्या तरी गळ्यावर होता. तो न उचलता म्हणाला, "आमच्या बाबांना हाच आजार होता. बहिरे नव्हते ते."

दाजी जमिनीवरच्या केसांकडे बघत बसला होता. "आणि डबा माझा होता," तो म्हणाला.

वस्तऱ्याची खरखर तेवढी चालू होती. लंबूने मामाकडे पाहिलं, दाजीकडे पाहिलं, भांडण पेटत नाही अशी खात्री करून घेतली, आणि हातातलं कापड झटकलं.

"नंबर कुणाचा?"

माझ्या आधी दोघं होते. पण ते जागचे हलेनात, म्हणून मीच त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो.