गऱ्याळ मोटर

उत्तमरावांची जीभ त्यांच्या बैलांपेक्षा जोरात धावायची, आणि तिला वेसण घालील असा माणूस अख्ख्या शेलूबाजारात नव्हता. बैल मात्र खरेच पळणारे होते. हरण्या आणि मोऱ्या ही जोडी शंकरपटाच्या शर्यतीत सुटली की बाकीचे गाडीवान आपापल्या बैलांना शिव्या घालायला मोकळे होत.

या जोडीवर अकोल्याच्या एका जिनिंगवाल्याचा मुलगा अविनाशबाबू लट्टू झाला. त्याच्याकडे शर्यतीची विलायती मोटर होती. लाल रंग, दोनच दारं, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे उकिडवं व्हायला लागे. आठवडी बाजारात, भरल्या चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "मोटर घ्या, जोडी द्या."

नाही म्हणून विषय मिटला असता. पण समोर वीस-पंचवीस माणसं होती, आणि माणसं दिसली की उत्तमरावांचा तोल जायचा.

"आणा तुमची मोटर!" ते गरजले. "तिच्यात एकबी खोट निंगाली नाई, तं जोडी तुमची. दिला शबूद!"

वापरलेली मोटर आणि खोट नाही, असं कुठे असतं का, असा त्यांचा हिशेब. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर त्यांनी बायकोला, प्रयागबाईला, हे सांगितलं तेव्हा ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"बरं झालं. तुमच्या बैलांच्या सरकी-ढेपीत माहा जलम गेला. मोटरीले ढेप तं नाई लागत."

हे उत्तमरावांना फार लागलं. निदान रडावं तरी बाईने!

ठरल्या दिवशी मोटर दारात आली. खोट शोधायला उत्तमरावांनी आपला दोस्त शेषराव याला बोलावलं. शेषराव एस.टी.त मिस्त्री होता. हात चांगला, पण स्वभाव भलताच सरळ. सख्ख्या साल्याची फटफटी विकायची होती, तेव्हा या गृहस्थाने गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन तिचे दोष सांगितले होते. असा माणूस आपणच बोलावला, हे उत्तमरावांच्या उशिरा लक्षात आलं.

"जयभीम, उत्तमराव," म्हणत शेषरावने बाह्या सरसावल्या आणि बॉनेट उघडलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरली. प्लग काढले, ऑइल बोटांवर चोळून पाहिलं, गोणपाट अंथरून खालीही शिरला.

"काय म्हन्ते?" उत्तमरावांनी वाकून हळूच विचारलं.

"पैला नंबर."

"धूर?"

"नावाले नाई."

"आवाज तं येत असन?"

"घड्याळावानी चालून राह्यली. माणसानं लेकरावानी जपली हाय, उत्तमराव. नशीब काढलं तुमी!"

उत्तमरावांना त्याच गोणपाटावर आडवं व्हावंसं वाटलं. मग अकोल्याच्या सडकेवर चक्कर झाली. टोपी उडाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना मजा आली. त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

परत आल्यावर अविनाशबाबू गोठ्यात गेला आणि हरण्याच्या पाठीवरून हात फिरवू लागला. हरण्याने त्याची बाही चाटली. बेइमान लेकाचा! शब्द दिला नसता तर उत्तमरावांनी तिथेच बोंब ठोकली असती.

तेवढ्यात प्रयागबाई चहा घेऊन आली. कपबश्या ठेवता ठेवता साधंच बोलली, "बैल घेतानी आपल्या वावरात चालवून पायतेत ना? मंग मोटर काहून नाई? मळ्यापर्यंत तं नेऊन दाखवा."

जमलेल्यांनी माना डोलावल्या. गोष्ट रीतीची होती. अविनाशबाबू हसला. शर्यती मारलेली गाडी, तिला भाजीच्या मळ्याचं काय भय! तो चाकावर बसला आणि गाडवाटेला लागला.

गाडवाट म्हणजे बैलगाड्यांनी खोल केलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधे मातीचा उंचवटा. वांग्याच्या वाफ्यांपर्यंत मोटर झोकात गेली. तिथे तिचं पोट उंचवट्यावर चढलं आणि ती जी बसली ती बसलीच. चाकं जागच्या जागी गरगरा फिरली, सगळ्यांच्या धोतरांवर चिखल उडाला.

"बसली!" कोणीतरी ओरडलं. "गऱ्याळ निंगाली!"

जुवाखाली बसकण मारणारा बैल गऱ्याळ. बैलबाजारात याच्याइतकी मोठी खोड नाही, आणि ती दिसली की सौदा मोडला, मग जनावर कितीही देखणं असो. अविनाशबाबू खाली उतरून तणतणू लागला, "हा दोष वाटेचा आहे, गाडीचा नाही!"

सगळे शेषरावकडे बघू लागले.

शेषराव चाकाशी उकिडवा बसला. उंचवट्यावरची माती ताजी होती, ओली होती, आणि तिच्यावर फावड्याच्या पात्याचे ठसे होते. त्याने मान वर केली. समोर प्रयागबाई उभी होती. तिच्या लुगड्याचा काठ चिखलाने भरला होता, पण मोटरीपासून ती चांगली लांब उभी होती. शेषराव जन्मात खोटं बोलला नव्हता. त्याने विडी काढली, पेटवली, दोन झुरके घेतले.

"गाडी बसली," तो म्हणाला, "हे खरं हाय."

आणि हात झटकून उठला. सौदा तिथेच मोडला.

मग हरण्या-मोऱ्याला आणून मोटरीला जुंपलं. त्यांनी ती एका झटक्यात बाहेर ओढली. अविनाशबाबू चाक धरून मागे बसला होता, त्याची नजर शेवटपर्यंत बैलांवरून हटली नाही.

दिवस कलता उत्तमराव गोठ्यात आले. प्रयागबाई बैलांना भाकरी चारत होती.

"काहून वं, सकाळीच मळ्यात कायले गेलती?"

"पाण्याचा दांड फुटला होता. पाणी वाटेवर येऊन राह्यलं होतं."

"दांड तं पार त्या अंगाले हाय."

तिने मोऱ्याच्या तोंडात शेवटचा तुकडा दिला आणि त्याची मान खाजवली.

"पुढच्या टायमाले काय लावाचं थे लावा. घर लावा, मले लावा. माही बैलं लावाची नाई."

इतकी वर्षं ती त्यांना 'तुमची बैलं' म्हणत आली होती. उत्तमरावांना बोलायला बरंच सुचत होतं, पण त्यांनी ढेपेचं टोपलं उचललं.