दोराला चिकटलेली मी

मित्रांनो, मी एक म्हातारी समुद्रपिचकारी आहे. म्हातारी म्हणजे सहा महिन्यांची. आमच्यात तेवढं पुरे झालं. बिझर्तच्या खाडीत शिंपल्यांची शेती चालते, तिथे शिंपले वाढवायला पाण्यात सोडलेल्या एका दोराला मी चिकटलेली आहे. मला दाबलं की मी पाणी उडवते, म्हणून हे नाव पडलं.

लहानपणी मी बेडकाच्या पिल्लासारखी होते. मला शेपटी होती. शेपटीत लवचीक कणा होता. तुमच्या पाठीच्या कण्याची सुरुवात म्हणे माझ्यासारख्याच कुणा पूर्वजापासून झाली. एवढं ऐश्वर्य मला एकच दिवस लाभलं. हा दोर दिसला, मी डोकं टेकवलं आणि कायमची अडकले. मग शेपटी, कणा, डोळा, सगळं माझं मीच जिरवून टाकलं. बसल्या जागी खायला मिळतंय तर पोहायचं कशाला, असं मला वाटलं. मूर्खच मी.

आज सकाळी हेदिया आणि तिचे मोंजीकाका होडी घेऊन आले. ही शेती त्यांचीच. आम्ही शिंपल्यांचं खाणं पळवतो, म्हणून ते दोर वर काढून दिवसभर उन्हात टांगतात. शिंपले कवच मिटून तग धरतात. मला मिटायला कवच नाही.

"काका, मी प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला जायचे ना, तिथल्या बाई सांगायच्या, ही आपली नातेवाईक आहे," हेदिया म्हणाली.

"तुझ्या सासरची असणार. एका जागी बसून दुसऱ्याचं खाते."

"सांगू का सासूबाईंना?"

"सांग की. आधी दोर ओढ."

हेदियाने दोर ओढला. तिचा मला राग नाही. शिंपले उपाशी मेले तर तिच्या घरची चूल कशी पेटेल? पण मला फार भीती वाटली. पळावं तर शेपटी नाही. पाणी सुटायच्या आत मी अंग आवळलं आणि होती नव्हती ती सगळी अंडी खाली सोडून दिली.

आता माझं अंग सुकत चाललं आहे. संध्याकाळी हा दोर पुन्हा पाण्यात जाईल. उद्या माझी पिल्लं अंड्यांतून निघतील, आणि त्यांना सगळ्यांत जवळची मोकळी जागा हीच दिसेल. मित्रांनो, तुम्हांला पाय आहेत, आवाज आहे. कुणीतरी त्यांना सांगा, इथे टेकू नका. पलीकडे खडक आहे. तिथवर पोहायला एक दिवस पुरतो.