ढाण्या, भाग चार

डॉक्टरीणबाईंनी बोटाच्या पेरानं आधी डावं शिंग वाजवलं, मग उजवं. डाव्याचा आवाज पोकळ, खणखणीत आला. उजवं नुसतंच भद्द वाजलं.

"काका, नाकातून रक्त कधीपासून येतंय?"

"झाला आसंल पंधरवडा. डोकं झाडायचा, खुंट्याला शिंग घासायचा. मला वाटलं, काय तरी लागलं आसंल."

"शिंगाचा कॅन्सर आहे हा. बघा, शिंग कललंय पण. मुळापासून काढावं लागेल. आत्ता काढलं तर बैल जगेल. एकदा का डोक्यात उतरला, की मग मलाही बोलावू नका."

भीमानं कललेल्या शिंगावरून हात फिरवला. निकिता मॅडम तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नव्यानं आल्या होत्या, त्यांना बैल म्हणजे बैल. पण हे शिंग कुणाचं होतं? ढाण्याचं! अहो, पाथर्डीपासून पार मुंबईपर्यंत ज्याची पोस्टरं लागली तो ढाण्या. पोस्टरवर हिरो सुद्धा बारका, आणि ही दोन शिंगं आभाळाला टेकलेली.

भीमा आणि त्याची बायको बनुबाई ऊसतोडीला जायचे तेव्हाची गोष्ट. कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग लागलेली, आणि सिनेमावाले बैल शोधत हिंडत होते. त्यांनी ढाण्या पाहिला आणि तिथंच उभे राहिले. जातिवंत खिलार, पांढराशुभ्र, कमानीसारखी शिंगं. नावसुद्धा त्यांनी बदललं नाही, जसंच्या तसं उचललं. पहिल्या भागात ढाण्यानं पुराच्या पाण्यातून जखमी मालकाला गाडीसकट ओढून दवाखान्यात नेलं. लोक हुंदके देऊन रडले. दुसऱ्यात त्यानं बिबट्याला लोळवलं. तिसऱ्यात तर त्याला विमानात बसवून परदेशी धाडलं, तिथं त्यानं अतिरेक्यांना शिंगावर घेतलं. खरा ढाण्या जिल्ह्यातल्याच बेलापूरच्या पुढं गेला नव्हता. तिथल्या एका मोसंबीच्या बागेत हिरवा पडदा बांधून त्याचा सगळा परदेश उरकला होता. आता चौथा भाग व्हायचा होता.

संध्याकाळी सुनील आला आणि त्यानं घर डोक्यावर घेतलं. भीमाचा हा एकुलता एक पोरगा. शूटिंगला ढाण्याला सांभाळायचा, लाईटवाल्यांपासून हिरोपर्यंत सगळे त्याला नावानं हाक मारायचे. गावात आला की गॉगल काढत नसे.

"आबा, दिवाळीनंतर शूटिंग हाय. तवर थांबा की."

"तवर त्यो ऱ्हाईल का?"

"इंजेक्शनं देऊ. आन् समजा काढलं शिंग, मंग मी काय करायचं? पुन्यांदा कोयता घ्यायचा? तुमच्यावानी?"

त्यानं पार्थ सरांना फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. पार्थ सर म्हणजे सिनेमाचा सगळा कारभार बघणारे. फार गोड बोलायचे.

"काका, तुमचं दुःख मला कळतं हो. पण शिंगाशिवाय ढाण्या म्हणजे लोकांनी बघायचं काय? एवढे दोन-तीन महिने काढा कसेतरी. मग आपण मुंबईहून मोठा डॉक्टर आणू."

"सायेब, तुमच्या सिनेमात त्यानं मालकाला मरनाच्या दारातनं वढून आनलं न्हवं?"

"हो, तेच तर…"

"मंग मालकानं काय करायचं, ते बी लिवा की एकदा."

पार्थ सर खळखळून हसले. म्हणाले, "वा काका, भारी डायलॉग आहे." आणि खरोखर कुणालातरी तो टिपून घ्यायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंग कापलं. बैलाला आडवा पाडला, पाय बांधले, बनुबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सुई टोचून जागा बधिर केली होती, तरी तारेच्या करवतीचा तो आवाज भीमाच्या दातांत गेला. बनुबाई सारखी म्हणत होती, "झालं रं माज्या राजा, झालं." करवत थांबली तेव्हा शिंग बाजूला मातीत पडलं होतं, आणि सुनील पाठीला पिशवी लावून दारातून निघाला होता. बापाला त्यानं सांगितलंसुद्धा नाही. आईला म्हणाला, "पुन्याला चाललोय. तुमी बसा त्याला कुरवाळीत."

जखम भरायला फार वेळ लागला. माश्या बसू नयेत म्हणून भीमा निंबाचा पाला घेऊन उशाशी बसायचा. बैल चारा खाऊ लागला, रवंथ करू लागला, आणि भीमाच्या जिवात जीव आला. सिनेमावाल्यांचा फोन आला नाही. भीमानं मनाशी धरलं की चौथा भाग बारगळला.

कसला बारगळतोय! शिमग्याच्या सुमारास बनुबाईच्या भाचीनं मोबाईलवर मुलाखत दाखवली. सुनील खुर्चीत बसलेला, मागं पांढराशुभ्र बैल, दोन्ही शिंगं शाबूत. कुठून आणला होता कोण जाणे. सुनील हसून सांगत होता, "ह्याची आई गेली तेव्हा मीच बाटलीनं दूध पाजून वाढवला ह्याला. हा माझा भाऊच आहे."

बनुबाईनं मोबाईल पालथा ठेवला. "बाटली? बोटं दुधात बुडवून पाजलंय मी. आन् हा त्या वक्ताला शेंबूड पुसत हुता!"

"पोटासाठी बोलतोय गं," भीमा म्हणाला.

"पोट मी बी भरलंय त्याचं. खोटं बोलून न्हाई भरलं."

भीमा उठून गोठ्यात गेला.

पोळा जवळ आला तसे सरपंच काकासाहेब स्वतः घरी आले. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. माणूस असा गोड वागायला लागला की समजावं, काहीतरी काढून न्यायला आलाय.

"भीमाभाऊ, औंदा सिनेमावाले पोळा आपल्या गावात करनार हायेत. हिरो येनार, टीव्हीवाले येनार. ढाण्याचं गाव म्हनून नाव व्हनार आपलं."

"मंग ढाण्या हाय की हितं."

काकासाहेबांनी कप खाली ठेवला. "तेच बोलाया आलोय. मानाचा बैल त्यांचा आसंल. तू ह्याला काढू नगंस त्या दिशी. समद्या गावाला म्हाईत हाय खरा कोन त्यो. पन दोन ढाण्या दिसले तर सुनीलचंच वाटुळं हुईल, बघ."

आजवर वेशीतून पहिला बैल भीमाचा जायचा. गावानंच तो मान दिला होता, वाजतगाजत. आणि आता तेच गाव चहा पिऊन सांगत होतं, की खरा घरात ठेव. भीमाला भयंकर संताप आला. पण सुनीलचं नाव निघालं होतं.

"बैल पोळ्याला दावनीला ऱ्हाईल, ह्ये माज्याच्यानं व्हनार न्हाई," तो म्हणाला. "मान ऱ्हाऊ द्या. मी समद्यांच्या मागनं येतो. श्येवटाला."

पोळ्याच्या दिवशी बनुबाईनं एकच शिंग रंगवलं, त्याला बेगड लावली, आणि दुसऱ्या बाजूला, जिथं नुसता खड्डा होता, तिथं लाल गोंडा बांधला. झूल जुनीच होती. भीमा सगळ्यात मागं चालला. पुढं भोंगे, ढोल, मोबाईल वर धरलेली पोरं. त्याला कुणी ओळख दाखवली नाही. गावकीतली माणसं नजर चुकवून पुढं बघत होती.

वेशीपाशी स्टेज घातलं होतं. खाली दोरीच्या आत तो नवा बैल, मखमली झूल, कपाळाला बाशिंग. त्याचा कासरा सुनीलच्या हातात. स्टेजवरून हिरोनं माईक तोंडाला लावला.

"काय मंडळी, बोलवायचं का माझ्या दोस्ताला? ढाण्या! ए ढाण्या!"

नवा बैल रवंथ करत होता. त्यानं कानसुद्धा हलवला नाही.

मागं भीमाचा बैल थबकला. कान टवकारले, मान वर केली आणि निघाला. भीमा ओढला गेला. "आरं, आरं, थांब!" गर्दी फाटली, बायका ओरडल्या, एका पोलिसानं काठी उगारली. बैलानं कुणाला धक्का लावला नाही. माणसांतून वाट काढत तो सरळ दोरीपाशी गेला आणि सुनीलच्या खांद्याला नाक घासू लागला.

सगळे भोंगे गप्प झाले. पार्थ सर घाईनं स्टेजच्या कडेला आले. सुनीलनं गॉगलमागून इकडंतिकडं पाहिलं आणि बैलाचं तोंड कोपरानं बाजूला केलं.

"ओ बाबा," तो म्हणाला, "बैल घ्या मागं."

ओ बाबा! रस्त्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला म्हणावं तसं.

हिरो बिचारा हसतमुख माणूस, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं; पांढरी खिलारं त्याला सगळी सारखीच. त्यानं खाली वाकून माईक भीमाच्या तोंडापुढं धरला. "आजोबा, तुमच्या बैलाला पण सिनेमात यायचंय वाटतं! काय नाव याचं?"

आता सांगावं. एक शब्द तर सांगायचा होता, आणि समोर टीव्हीवाले होते. अख्ख्या महाराष्ट्राला कळलं असतं. काकासाहेब कळले असते, पार्थ सर कळले असते, आणि पोरगाही कळला असता. भीमानं पोराकडं पाहिलं. सुनीलनं गॉगल काढला होता. त्याचे डोळे भ्यालेले होते, लहानपणी काही फोडलं की व्हायचे तसे.

भीमा माईककडं वळला.

"नाव न्हाई ठिवलं," तो म्हणाला. "शेतातला हाय. चुकून आला."

माणसं हसली. ढोल पुन्हा सुरू झाले. भीमानं बैलाला वळवलं आणि घराच्या वाटेला लावलं. थोडं पुढं गेल्यावर मागून भोंग्यावर पुन्हा हाक आली, "ढाण्या!" बैल जागच्या जागी थांबला आणि मान वळवून पाहू लागला. भीमानं कासरा दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जोर लावून त्याला पुढं ओढला.