दुसरी रेघ

नदीकाठी, ग्वारीघाटाजवळच्या पत्र्याच्या मंडपात दीडशे माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि एकाचाही चेहरा दिसत नव्हता. बायकांनी ओढण्या डोळ्यांपर्यंत गुंडाळलेल्या, पुरुषांनी हेल्मेटं उतरवलेली नव्हती. सगळे एचआयव्हीचे रुग्ण. समोर नादेश्वर महाराज रक्तातल्या मारक पेशींबद्दल हिंदीत गरजत होते, "तुम्हारे खून में मारक कोशिकाओं की सेना सोई पड़ी है! मैं उसके कान में नाद फूँकूँगा!"

शंख घुमला. चेल्यानं एकच रेघ उमटलेलं तपासणीचं कार्ड उंचावलं, "एक लकीर! निगेटिव!" मंडप हुंदके देऊ लागला.

गर्दीत हेमलता बसली होती. सरकारी दवाखान्यात रक्त तपासण्यात तिची बारा वर्षं गेली होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ विपुल बसला होता. तीन महिन्यांपूर्वी इथंच 'निगेटिव्ह' निघाल्यावर त्यानं गोळ्या सोडल्या. आता रोज ताप, आणि खोकल्यानं बोलणंही होईना.

"गोळ्या काहून सोडल्या रे?" तिनं हळूच विचारलं.

"ताई, तूच हे कार्ड करून राहिली ना इतकी वर्षं? कार्ड खोटं बोलते का?"

इथंच ती अडली होती. एकदा लागण झाली की गोळ्यांनी माणूस ठणठणीत झाला तरी कार्डावर दुसरी रेघ उमटतेच. मग ती जाते कुठं? पुढचा शंख वाजला, सगळ्यांचे डोळे महाराजांकडे वळले. हेमलतानं मात्र चेल्याच्या हातांवरची नजर हलवली नाही. त्यानं समोरच्या रुग्णाचं बोट टोचलं, रक्त कापसानं टिपलं आणि कार्डावर थेंब टाकला तो 'तीर्था'च्या वाटीतल्या कुंकवाच्या पाण्याचा.

ती उठली. संशयानं सोबत विकत आणलेल्या दोन कार्डांपैकी एकावर तिनं तेच तीर्थ टाकलं. "आता दुसऱ्यावर खरं रक्त हवंय," ती हिंदीत म्हणाली. कुणी हललं नाही. दोन चेल्यांनी मंडपाचं दार ओढून घेतलं.

विपुलनं हेल्मेट काढलं. गालफडं आत गेलेला त्याचा चेहरा सगळ्यांनी पाहिला. "माझं घे, ताई."

वीस मिनिटं सगळ्यांचे डोळे कार्डांवर होते, विपुल खोकत होता. मग तीर्थाच्या कार्डावर एक रेघ दिसली. विपुलच्या कार्डावर दोन.

"कुंकवाला एचआयव्ही नाही, भैया!" हेमलता चेल्याला म्हणाली. " पहिली रेघ फक्त पाणी पट्टीवरून वाहिल्याचं सांगते. दुसरी उमटते ती लागण झालेल्या रक्तानंच. मारक पेशी असतात, हे खरं. त्या शरीरातल्या प्रत्येक पेशीवरच्या खुणा चाचपतात. पण हा विषाणू लबाड आहे. मारक पेशींना शांत ठेवणाऱ्या काही खुणा तो लागण झालेल्या पेशींवर जपून ठेवतो. शंख ऐकायला पेशींना कान नसतात. विषाणूची वाढ रोखतात त्या गोळ्याच."

"श्रद्धा टूटी, रोग लौट आया!" महाराज कडाडले. अर्ध्या माना डोलल्या. चाळीसएक माणसं मात्र उठली आणि चेल्यांना दार उघडावं लागलं.

विपुलला क्षयानं गाठलं होतं. महिनाभर दवाखान्यात काढून तो वाचला. मग एका सोमवारी दवाखान्यात हेमलताच्या टेबलाशी ओढणीतली एक बाई आली. कडेवर चार वर्षांची लेक, मुठीत महाराजांचं कार्ड.

"दीदी, हिच्यापण गोळ्या बंद केल्यात. सात महिने झाले."

हेमलतानं पोरीचं बोट हातात घेतलं. ते तापलं होतं.

वाचकहो, कुणी तुमचा रोग गेला म्हणालं, तर आधी विचारा, तपासलं ते माझंच रक्त होतं का? आणि उत्तर मिळेपर्यंत एकही गोळी चुकवू नका.