फेट्याखालचा पगार

मंडळी, सत्काराचा फेटा डोक्यावर चढला की माणसाला आपल्याच घरचं दार ठेंगणं वाटू लागतं. अण्णारावांचं तसंच झालं.

लातूरच्या एका अभ्यास केंद्रात नव्या प्रवेशांसाठी मेळावा होता. अण्णाराव तिथलेच जुने विद्यार्थी. एका विनाअनुदानित शाळेत शिक्षक होते; शैक्षणिक प्रशासनात एम.ए. केलं आणि तिथंच मुख्याध्यापक झाले. केंद्राचे संचालक रामलिंग फेटा बांधता बांधता कानाशी म्हणाले, "सर, पगार जरा घसघशीत सांगा. लोकं लई आशेनं आलेत."

माईक हातात आला आणि अण्णाराव बोलून गेले, "या पदवीनं मला सत्तर हजारांवर नेऊन बसवलं!"

टाळ्या कडाडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नीनं, उज्ज्वलाताईंनी, तेवढी टाळी वाजवली नाही.

चहाच्या वेळी त्या जवळ आल्या. "सत्तर? मग घरी अठराच कसे येतात? बाकीचे वाटंत सांडतात काय?"

"हळू बोल. असल्या कार्यक्रमात सगळेच वाढवून सांगतात."

इतक्यात एक तरुणी पाया पडायला वाकली. "सर, मी शिवकन्या. कंधारहून आले. पतसंस्थेत कारकून हाय. या पदवीच्या वर्गांना रोज लातूरला यायचं म्हणल्यावर नोकरी सोडावी लागतीय. माय म्हणती, लेकरू लहान हाय, सोडू नको. पण तुमचं ऐकलं अन् मन पक्कं झालं. उद्याच राजीनामा देणार हाय."

"सुखी राहा," एवढंच अण्णाराव पुटपुटले. ती गेली. अण्णारावांच्या मनात आलं, एका लेकराच्या ताटातली भाकर आपण उचलली, आणि तीही हसत हसत!

उज्ज्वलाताई हळूच म्हणाल्या, "अहो, पदवी खोटी न्हाई. ती घेतलीत म्हणून शाळेची घडी बसली, गळालेल्या पोरी परत वर्गात आल्या. ते सांगायचं होतं की! तुम्हाला पगाराची लाज वाटली. ती झाकायला दुसऱ्याच्या लेकीची नोकरी घेतलीत."

"आता खरं बोललो तर रामलिंग पुन्हा बोलावायचे नाहीत."

"न्हाई बोलावलं तर न्हाई. फेटा काय, लग्नात बी बांधतात!"

आभाराला रामलिंग उठायच्या आतच अण्णाराव माईकपाशी गेले. फेटा उतरवून टेबलावर ठेवला.

"मी खोटं बोललो! माझा पगार अठरा हजार आहे. पदवीआधी पंधरा होता. आजचाही कधी वेळेवर येतो, कधी नाही. अनुदानित शाळेत पगार मोठा, पण तिथं जागा मिळायला नुसती पदवी पुरत नाही."

रामलिंग फरशीकडे बघत राहिले. शिवकन्या उभी राहिली. "मंग सर, शिकू का नको?"

"शिका, ताई. शाळा कशी चालवावी, ते मला इथंच उमगलं. पण नोकरी ठेवून, बाहेरून परीक्षा देऊन शिका. अन् आधी ही पदवी घेतलेल्यांना त्यांच्या घरी जाऊन विचारा. स्टेजवर नको."

शिवकन्या निघाली. या वेळी ती पाया पडली नाही. अण्णारावांना तेच बरं वाटलं.

मंडळी, शिक्षणाची थोरवी जरूर गा. पण कमाईचं खोटं तोरण त्याला बांधू नका. आपण फुगवलेल्या आकड्यावर कुणीतरी आपलं घर उभारायला निघतं. खरं सांगितलं म्हणून शिकणारा थांबत नाही. तो फक्त पाऊल बघून टाकतो!